ड्वार्फ फोर्ट्रेस: कोबोल्ड चोरांपासून किल्ला कसा राखावा

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी बंधूंनी घडवलेला संगणकीय खेळ ऑगस्ट २००६ मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुला झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची चित्रमय आवृत्ती स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर आल्यापासून त्याच्याकडे वळणाऱ्या नव्या खेळाडूंची संख्या बरीच वाढली आहे. सात ड्वार्फ (बुटकी माणसे), एक गाडी आणि थोडेसे सामान एवढ्यावर वसाहत सुरू करायची असते, आणि त्यानंतर काय करावे हे खेळ फारसे सांगत नाही. त्यामुळे नवखा खेळाडू गॉब्लिन या शत्रू जमातीचा वेढा, ड्रॅगन, जमिनीखालून येणारे अक्राळविक्राळ प्राणी यांच्या गोष्टी ऐकून आलेला असतो आणि पहिल्या दिवसापासून मोठ्या युद्धाची तयारी करू लागतो. प्रत्यक्षात बहुतेक किल्ल्यांच्या दाराशी सर्वांत आधी येतो तो एकटादुकटा कोबोल्ड. तो चोरपावलांनी येतो, हाताला लागेल ते उचलतो आणि पळून जातो. त्याच्यामुळे वसाहत बुडत नाही. पण आपल्या बंदोबस्तात कोठे भगदाड आहे हे तो अचूक दाखवून देतो, म्हणून त्याच्याकडे सुरुवातीपासून गांभीर्याने पाहावे असे मला वाटते. चोरांविरुद्धची तयारी नीट झाली असेल, तर पुढच्या मोठ्या संकटांसाठी लागणारी निम्मी तयारी आपोआप झालेली असते.

कोबोल्ड म्हणजे कोण

खेळात कोबोल्डाचे वर्णन मोठे टोकदार कान आणि चमकणारे पिवळे डोळे असलेला ठेंगणा, माणसासारखा प्राणी असे केलेले आहे. पूर्ण वाढलेल्या कोबोल्डाचे आकारमान पूर्ण वाढलेल्या ड्वार्फाच्या सुमारे एक तृतीयांश असते, म्हणजे समोरासमोरच्या झुंजीत साधा शस्त्रधारी ड्वार्फही त्याला भारी पडतो. कोबोल्डांच्या टोळ्या गुहांमध्ये राहतात, अंडी घालतात, आणि त्यांना इतर जमातींसारखी भाषा नसते. त्यांच्या तोंडून नुसते आवाज निघतात. त्यामुळे त्यांच्याशी व्यापार, तह किंवा वाटाघाट असा काही मार्ग उरत नाही. चित्रांशिवायच्या जुन्या आवृत्तीत तो पडद्यावर तपकिरी रंगाच्या ‘के’ या इंग्रजी अक्षराने दिसतो. स्टीमच्या आवृत्तीत त्याचे छोटे चित्र दिसते.

त्याची खरी ताकद लपण्यात आहे. चोर म्हणून आलेला कोबोल्ड नकाशाच्या कडेवरून आत शिरतो तेव्हा तो आपल्याला दिसत नाही, आणि त्याच्या येण्याची कोणतीही सूचना मिळत नाही. एखादा ड्वार्फ किंवा पाळीव प्राणी त्याच्या जवळ जाऊन त्याला हेरतो, तेव्हाच तो उघडा पडतो आणि ‘थीफ! प्रोटेक्ट द होर्ड फ्रॉम स्कल्किंग फिल्थ!’ अशी घोषणा पडद्यावर येते. ही घोषणा वाचून घाबरण्याचे कारण नाही, कारण ती आली याचाच अर्थ कोणीतरी पहारा चोख बजावला आहे. काळजी करावी ती घोषणा न येता एखादी वस्तू नाहीशी होते तेव्हा.

दुसरी गोष्ट नवख्यांनी पक्की लक्षात ठेवावी. कोबोल्ड सापळे ओळखून टाळतात. प्रवेशद्वारात दगडी सापळ्यांची रांग टाकून निश्चिंत बसलेला खेळाडू गॉब्लिनांना काही काळ थोपवू शकतो, परंतु कोबोल्ड त्या रांगेतून आरामात चालत येतो. बंद दारालाही पुरेसा अडथळा मानू नये. म्हणून चोरांविरुद्धचा बंदोबस्त ‘पाहणारे डोळे’ आणि ‘उचलता पूल’ या दोन गोष्टींवर उभा करावा, आणि सापळे इतर शत्रूंसाठी राखून ठेवावेत.

पहिली पायरी: माल उघड्यावर ठेवू नये

वसाहत सुरू होते तेव्हा सगळे सामान गाडीपाशी, उघड्या आकाशाखाली पडलेले असते. पहिल्या वसंत ऋतूत खाणकाम करणारा ड्वार्फ डोंगरात किंवा मातीत एक खोली खोदून देईपर्यंत दुसरे काहीही करू नये, असे मी सांगेन. ही खोली सुबक असण्याची गरज नाही. दहा बाय दहा घरांची (नकाशावरील चौकोनांची) साधी पोकळी पुरते. तिच्यात अन्न, मद्य, हत्यारे, कापड आणि इतर तयार वस्तू यांसाठी स्टॉकपाइल, म्हणजे साठवणीची जागा, आखावे, म्हणजे रिकामे ड्वार्फ आपोआप सामान आत वाहू लागतात. सामान आत गेल्यावर गाडी मोडून टाकावी. तिच्यातून तीन ओंडके मिळतात आणि ड्वार्फांना बाहेर घुटमळण्याचे एक कारण कमी होते.

लाकडाचे आणि दगडाचे स्टॉकपाइल बाहेर राहिले तरी चालते, कारण ओंडका किंवा खडक गेल्याने फारसे बिघडत नाही. मात्र बाहेर मारलेल्या शत्रूंचे कपडे आणि हत्यारे तेथेच पडून राहू देणे, किंवा कार्यशाळा उघड्यावर उभारून तयार माल तिच्यातच साठू देणे, या दोन सवयी चोराला आमंत्रण देतात. ट्रेड डेपोच्या, म्हणजे व्यापाराच्या जागेच्या, बाबतीत विशेष सावध राहावे. व्यापाऱ्यांचा तांडा येण्याच्या सुमारास खेळाडू उत्तमोत्तम वस्तू डेपोवर नेऊन ठेवतो, आणि डेपो जर किल्ल्याच्या बाहेर असेल तर किल्ल्यातील सर्वांत मौल्यवान माल त्या काळात सर्वांत उघड्या जागी असतो. म्हणून डेपो पहिल्यापासून प्रवेशद्वाराच्या आत बांधावा.

दुसरी पायरी: आत येण्याचा मार्ग एकच ठेवावा

नवख्यांच्या किल्ल्यांना बहुधा चार-पाच तोंडे असतात. एक खाणीचे, एक शेताकडचे, एक लाकूडतोड्यांसाठी सोयीचे म्हणून काढलेले, आणि एखादे चुकून छत फोडल्यामुळे झालेले. या प्रत्येक तोंडावर पहारा ठेवणे सुरुवातीच्या मनुष्यबळात शक्य नसते, म्हणून जास्तीची तोंडे भिंत बांधून कायमची बंद करावीत. २०१४ च्या आवृत्तीपासून खेळातील प्राणी भिंतींवर आणि झाडांवर चढू शकतात, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला लागून वाढलेली झाडे तोडावीत, आणि उघडी आवारे असतील तर त्यांवर छत घालावे.

उरलेल्या एका प्रवेशमार्गाची रुंदी तीन घरे ठेवावी. माणसांच्या आणि ड्वार्फांच्या तांड्यांतील गाड्यांना तीन घरांचा सलग मोकळा मार्ग लागतो; त्याहून अरुंद मार्ग असेल तर गाड्या डेपोपर्यंत पोहोचत नाहीत आणि व्यापार रोडावतो. हा मार्ग सरळ न ठेवता एक-दोन वळणे देऊन आत न्यावा. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही: येणाऱ्याला वळून यावे लागते आणि त्या वेळात आतला पहारेकरी त्याला पाहतो. चोराच्या बाबतीत तर हे अधिकच उपयोगी ठरते, कारण जितका वेळ तो आपल्या मार्गात असतो तितकी त्याच्या जवळून कोणीतरी जाण्याची शक्यता वाढते. याच कारणासाठी भोजनगृह, विहीर किंवा इतर वर्दळीची जागा प्रवेशमार्गाच्या आतल्या टोकाजवळ ठेवावी आणि मौल्यवान मालाचे कोठार त्याच्याही पलीकडे, खालच्या मजल्यावर न्यावे.

तिसरी पायरी: कुत्रे बांधावेत

चोरांविरुद्धचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे प्रवेशद्वाराशी बांधलेला कुत्रा. सैनिक झोपतो, जेवतो, कंटाळतो, मद्य प्यायला निघून जातो. बांधलेला कुत्रा रात्रंदिवस तेथेच असतो, आणि या खेळात कुत्र्यांना खायला घालावे लागत नाही. गाय, मेंढी, शेळी असे चरणारे प्राणी मात्र गवत नसलेल्या जागी बांधले तर उपाशी मरतात, म्हणून त्यांना या कामाला कधीही लावू नये.

वसाहतीसाठी निघतानाच सामानाच्या यादीत किमान एक नर आणि एक मादी कुत्रा घ्यावा. पिल्ले वर्षभरात मोठी होतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून कुत्र्यांची चणचण भासत नाही. बांधण्यासाठी दोर किंवा साखळी लागते. दोर शिंप्याच्या कार्यशाळेत कापडापासून आणि साखळी लोहाराच्या भट्टीत धातूपासून तयार होते. दोर किंवा साखळी प्रथम जमिनीवर बांधकाम म्हणून बसवावी लागते आणि ती बसल्यानंतर तिच्यावर विशिष्ट प्राणी नेमून द्यावा लागतो. हे दोन टप्पे वेगळे आहेत हे लक्षात न आल्याने पुष्कळांच्या दारात नुसतीच रिकामी साखळी लटकत राहते.

बांधलेला प्राणी साखळीच्या घरात आणि भोवतालच्या आठ घरांत फिरू शकतो. तीन घरे रुंद मार्गाच्या मधोमध साखळी बसवली तर संपूर्ण रुंदी त्याच्या टप्प्यात येते. पण गाड्यांचा मार्ग मोकळा राहिलाच पाहिजे, म्हणून मी साखळी मार्गात न बसवता बाजूच्या भिंतीत एका घराची देवडी खोदून तिच्यात बसवतो. देवडी समोरासमोर दोन काढाव्यात, म्हणजे दोन्ही कुत्र्यांच्या नजरेत मार्गाची पूर्ण रुंदी येते. पहिली जोडी अगदी तोंडाशी, दुसरी जोडी पहिल्या वळणानंतर आणि एखादा कुत्रा कोठाराच्या दाराशी, एवढी मांडणी सुरुवातीला पुरेशी होते. तोंडाशी असलेल्या कुत्र्यांच्या नजरेतून चोर निसटला, तरी आतल्या जोडीच्या नजरेतून निसटणे त्याला बरेच कठीण जाते.

पशुप्रशिक्षकाचे काम एखाद्या ड्वार्फाला दिले असेल, तर मोठ्या झालेल्या कुत्र्यांना युद्धाचे शिक्षण द्यावे. शिकवलेला कुत्रा अधिक जोमाने लढतो आणि कोबोल्डासारख्या लहान शत्रूला बहुधा तेथेच आडवा करतो. परंतु शिक्षण झाले नाही म्हणून पहारा लांबवू नये. चोराला उघडा पाडण्याचे काम न शिकवलेला कुत्राही तितकेच नीट करतो, आणि पहिल्या वर्षात आपल्याला नेमके तेवढेच हवे असते.

दोर मिळेपर्यंत मधल्या काळात तोंडाजवळ लहानसे कुरण आखून त्यात कुत्रे नेमून ठेवावेत. ते त्या जागेत इकडेतिकडे फिरत राहतात आणि त्यांची नजर काही ना काही काम करते. बांधलेल्या कुत्र्यापेक्षा हा उपाय दुबळा आहे, कारण नेमक्या वेळी कुत्रा कुरणाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो.

चौथी पायरी: उचलता पूल

पूल बांधताना तो कोणत्या दिशेला उचलला जावा हे ठरवावे लागते, आणि येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. उचलता पूल वर गेला की ज्या कडेवर तो उभा राहतो त्या कडेला भिंतीसारखा अडथळा तयार होतो. मागे सरकणारा पूल निवडला, तर पूल नाहीसा होऊन खालची जमीन तशीच राहते, आणि खाली खंदक नसेल तर चोर त्या जमिनीवरून चालत आत येतो. म्हणून प्रवेशमार्गावर नेहमी उचलता पूल निवडावा.

पूल हलवण्यासाठी लीव्हर लागतो. मेकॅनिकच्या कार्यशाळेत दगडापासून मेकॅनिझम (यंत्राचे भाग) तयार होतात. एक लीव्हर उभारायला आणि दोन तो पुलाशी जोडायला, असे एकूण तीन मेकॅनिझम लागतात. लीव्हर किल्ल्याच्या आत आणि लोकांच्या वावरात, शक्यतो भोजनगृहातच उभारावा. लीव्हर ओढण्याचा हुकूम दिल्यावर कोणातरी ड्वार्फाला तेथवर चालत जावे लागते, आणि लीव्हर ओढल्यानंतरही पूल हलायला शंभर टिक (खेळातील वेळेचे लहान एकक) लागतात. खेळातला एक दिवस बाराशे टिकांचा असतो, म्हणजे हा विलंब दिवसाच्या बाराव्या भागाइतका होतो, आणि चपळ चोराला तेवढा वेळ भरपूर असतो. त्यामुळे चोर दिसल्यावर त्याला बाहेर ठेवण्यासाठी पूल उचलणे बहुधा उशिराचे ठरते. पुलाचा खरा उपयोग तेव्हा होतो जेव्हा चोर आत असताना हेरला गेला आहे आणि त्याची परतीची वाट बंद करायची आहे, किंवा बाहेर काही काम नसताना किल्ला मुळातच बंद ठेवायचा आहे. पूल खाली येताना त्याच्याखाली कोणी असेल तर ते चिरडले जाते. आपल्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी हे तितकेच खरे असल्याने हुकूम देण्यापूर्वी पुलाखाली एकदा नजर टाकावी.

पाचवी पायरी: घोषणा झाल्यावर

घोषणा आली की खेळ थांबवून त्या जागेवर जावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: चोर किती आत आला आहे, त्याच्या हातात काही आहे का, आणि त्याच्याजवळ निःशस्त्र कोण आहे. तो अजून तोंडाशीच असेल आणि हात रिकामे असतील, तर कुत्रे त्याचे काय ते पाहतील. हेरला गेलेला कोबोल्ड बहुतेक वेळा पळ काढतो. त्याच्या हातात आपली वस्तू असेल, तर जवळच्या सैनिकांना त्याला ठार करण्याचा हुकूम द्यावा. तो मेला की वस्तू तेथेच पडते आणि ड्वार्फ ती परत आत नेतात.

नकाशाच्या कडेकडे पळत सुटलेल्या चोरामागे संपूर्ण तुकडी पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. तुकडीतले सैनिक एकत्र धावत नाहीत. जो जेथे असेल तेथून निघतो, आणि अर्ध्या वाटेवर प्रत्येक जण एकटा पडलेला असतो. कोबोल्ड तर निसटतोच, शिवाय त्याच वेळी झाडीत गॉब्लिनांची टोळी दबा धरून बसलेली असेल तर एका शेल्याच्या किमतीत तीन चांगले सैनिक जातात. धनुर्धारी असतील तर प्रवेशमार्गावर नजर ठेवणाऱ्या जंग्यांच्या आड त्यांची चौकी बसवावी, म्हणजे पळणाऱ्यावर बाण सोडता येतात आणि कोणालाही बाहेर जावे लागत नाही.

चोराशी अचानक गाठ पडलेला सुतार किंवा गवळी हातातले काम टाकून पळतो, आणि कामे रद्द झाल्याच्या सूचना धडाधड येऊ लागतात. त्या पाहून गोंधळून जाऊ नये. चोर गेला की कामे पुन्हा सुरू होतात. कोंडीत सापडलेला कोबोल्ड मात्र जवळच्या हत्याराने वार करू शकतो, म्हणून जखमी कोणी झाले आहे का हे तपासून घ्यावे.

चोरी करणारे जंगली प्राणी

वस्तू नाहीशी झाली म्हणजे कोबोल्डच आला असे समजू नये. ऱ्हीसस मकाक, म्हणजे उत्तर भारतातल्या देवळांभोवती आणि रेल्वे स्थानकांवर दिसणारे लाल तोंडाचे माकड, या खेळात कळपाने येऊन वस्तू पळवते, आणि आपल्याकडच्या खेळाडूला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. रॅकूनही तेच करतो. न्यूझीलंडच्या डोंगरांत राहणारा कीआ हा पोपट उडत येतो, त्यामुळे त्याला एकेरी प्रवेशमार्गाचे किंवा पुलाचे बंधन नसते. कीआ असलेल्या प्रदेशात छत नसलेले एकही आवार ठेवू नये. अस्वलांचे लक्ष वस्तूंपेक्षा अन्नाकडे आणि मद्याच्या पिंपांकडे असते.

या प्राण्यांविरुद्ध कोबोल्डांवर न चालणारा एक उपाय चालतो. माकडे आणि रॅकून सापळे टाळू शकत नाहीत, म्हणून स्टॉकपाइलच्या वाटेवर पिंजऱ्याचे सापळे लावावेत. एका सापळ्याला एक मेकॅनिझम आणि एक पिंजरा लागतो. पिंजरा सुताराकडे लाकडाचा करून घेता येतो. पकडलेला प्राणी प्रशिक्षकाकडून माणसाळवता येतो किंवा पिंजऱ्यासकट तांड्याला विकता येतो. हे सापळेसुद्धा गाड्यांच्या मार्गात बसवू नयेत, कारण सापळा असलेल्या घरावरून गाडी जात नाही.

मुले आणि कलावस्तू

घोषणेत ‘थीफ’ऐवजी ‘स्नॅचर! प्रोटेक्ट द चिल्ड्रन!’ असे शब्द असतील, तर आलेला चोर वस्तूंसाठी आलेला नाही. गॉब्लिन मुले पळवून नेतात, आणि येथे मात्र पाठलाग न करण्याचा वर दिलेला सल्ला लागू होत नाही. मूल पळवले गेले असेल तर जे सैनिक जवळ असतील ते सर्व ताबडतोब पाठवावेत आणि पूल उचलण्याचा हुकूमही त्याच क्षणी द्यावा. मुले बाहेर हुंदडू नयेत म्हणून एक बरो (नागरिकांना थांबवून ठेवण्याची हद्द) आखून, संकटाच्या वेळी सर्व नागरिकांना तिच्यात बोलावण्याची सोय आधीच करून ठेवावी. ही सोय शांततेच्या काळात एकदा चालवून पाहिलेली बरी.

विलक्षण लहर आलेल्या ड्वार्फाने घडवलेली कलावस्तू ही किल्ल्याची सर्वांत अनमोल ठेव असते, आणि २०१७ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून अशा वस्तूंच्या मागे दूरवरचे लोकही लागतात. पाहुणे, प्रवासी आणि गवई यांच्या वेषात आलेला एखादा जण तीच वस्तू शोधत असू शकतो. तिला चौथऱ्यावर मांडायची असेल तर पाहुण्यांच्या मद्यगृहात मांडू नये. ड्वार्फांच्या नेहमीच्या वर्दळीच्या, पण पाहुण्यांना वाट नसलेल्या दालनात मांडावी आणि त्या दालनाच्या दाराशीही एक कुत्रा बांधावा. तरीही ती गेलीच, तर ती कोठे नेली याची वार्ता लागल्यावर जगाच्या नकाशावरून तुकडी पाठवून ती परत आणण्याची मोहीम काढता येते. अशा मोहिमेवर किल्ल्यातले सगळे लढवय्ये एकाच वेळी पाठवू नयेत. निम्मे तरी दारात राहू द्यावेत.